गिअरचा दांडा

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये चालकाच्या पायाजवळ तीन दांडे उभे असतात. त्यातले दोन आखूड, एक पुढच्या चाकांना ताकद जोडणारा आणि दुसरा हाय-लोचा. तिसरा लांब, टोकाला गोल मूठ असलेला, मुख्य गिअरबॉक्सचा. रोज हात पडून त्याची मूठ गुळगुळीत झालेली असते आणि जीपवर प्रेम करणारे तिचेच फोटो काढतात. मला मात्र त्या दांड्याचं दुसरं टोक जास्त वाचनीय वाटतं. ते पत्र्याखाली, तेलात, कोणाला न दिसता काम करतं. तिथलं लोखंड कुठे, किती आणि कोणत्या बाजूने घासलं आहे हे नीट पाहिलं, तर ती गाडी कोणत्या रस्त्यावर चालली, तिच्या चालकाला कोणत्या सवयी होत्या आणि मुळात तिच्या आखणाऱ्याने काय विचार केला होता, हे सगळं उमगत जातं. रसग्रहण कवितेचं करतात तसं यंत्राच्या एका भागाचंही करता येतं असं माझं मत आहे, फक्त यंत्राच्या बाबतीत आधी पाने-पक्कड हातात घ्यावी लागते.

डोळ्यांसमोर आहे ती जीप नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या एका अंगणातली. नंबर एमएच-१८ ने सुरू होणारा, म्हणजे धुळ्याचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि पुढे इथल्या गाड्यांना एमएच-३९ मिळू लागला. नंबरपाटीवरून वाटतं की गाडी जिल्ह्याहून जुनी असावी. काठी हे एकेकाळचं मेवासी संस्थान, आता अक्कलकुवा तालुक्यातलं डोंगरातलं गाव. बाहेरच्या लोकांना ते माहीत आहे फाल्गुन पौर्णिमेच्या राजवाडी होळीमुळे. पण होळी एका रात्रीची, आणि रस्ता वर्षभराचा. अक्कलकुव्याहून मोलगीच्या बाजूला निघालं की देवगोईचा घाट लागतो. वळणं आखूड, चढ एकदम अंगावर येणारे, पावसाळ्यात कडेची माती रस्त्यावर उतरलेली. अशा रस्त्यावर गिअर ही चैनीची वस्तू राहत नाही. ब्रेकवर जेवढा भरवसा ठेवायचा तेवढाच गिअरवर ठेवावा लागतो, उतरताना तर जास्तच.

या गाडीत पुढे जाण्याचे गिअर तीनच. मांडणी अशी: डावीकडे वर रिव्हर्स, डावीकडे खाली फर्स्ट, उजवीकडे वर सेकंड, उजवीकडे खाली टॉप. ही मांडणी अमेरिकेत ठरली, तिथे चालक डावीकडे बसतो. त्याच्या उजव्या हाताला फर्स्ट टाकायचा तर दांडा स्वतःकडे ओढून मागे घ्यायचा, म्हणजे हात सहज जातो. भारतात चालक उजवीकडे आला, गिअरबॉक्स होता तिथेच राहिला. आता फर्स्टसाठी डाव्या हाताने दांडा आधी स्वतःपासून दूर ढकलायचा आणि मग मागे खेचायचा. मनगट थोडं वळतं, जोर थोडा तिरका लागतो. हा तिरका जोर वर्षानुवर्षं कुठेतरी साठत जातो. कुठे, ते पुढे दिसेल.

गिअरबॉक्सचं नाव टी-९०, बनवणारी वॉर्नर गिअर. फर्स्टचं प्रमाण २.७९८ ला १, सेकंड १.५५१ ला १, टॉप सरळ १ ला १. हाय-लोचा दांडा ‘लो’मध्ये टाकला की वर आणखी २.४६ पट, आणि धुर्‍यातल्या दात्यांची ५.३८ पट. सगळं गुणलं की ३७ च्या आसपास आकडा येतो: चाक एकदा फिरायला इंजिन सदतीस वेळा फिरतं. माणसाच्या चालीने, पण भरल्या गाडीने चढ चढायचा तो या आकड्याच्या जोरावर. यात एक खोच आहे. सेकंड आणि टॉपला वेग जुळवून देणारा सिंक्रो आहे, फर्स्टला नाही. फर्स्टचा दातेरी गिअर शाफ्टवर सरकत जाऊन थेट दुसऱ्या दात्यांत घुसतो. गाडी चालू असताना तो टाकायचा तर डबल क्लच करून दोन्हींचा वेग जुळवावा लागतो, नाहीतर करकर ऐकू येते आणि मागे बसलेले एकमेकांकडे बघतात. होळीच्या दिवशी महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक काठीकडे निघतात, तेव्हा घाटात गाड्यांची रांग लागते. दहा पावलं पुढे, थांब, पुन्हा दहा पावलं. त्या रांगेत फर्स्ट किती वेळा पडतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही, पण दांड्याचं खालचं टोक ठेवतं.

थोडी वंशावळ सांगितली पाहिजे, कारण या टोकाच्या गुण-दोषांचं मूळ तिथे आहे. १९४० साली अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने लष्करासाठी पहिली जीप आखली, आराखड्याचं मुख्य काम कार्ल प्रोब्स्टचं. पुढे मोठं उत्पादन विलीज आणि फोर्डकडे गेलं. युद्धातल्या विलीजमध्ये टी-८४ गिअरबॉक्स होता, हलका आणि जरा नाजूक. युद्ध संपल्यावर जीप शेतकऱ्याला विकायची ठरली तेव्हा त्याच्या जागी दणकट टी-९० आला. सुरुवातीच्या नागरी सीजे-२ए जीपमध्ये विलीजने गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर नेला होता. त्या काळच्या मोटारींमध्ये ती पद्धत होती, पायाजवळची जागा मोकळी राहते म्हणून. १९४६ मध्येच कंपनीने तो विचार सोडला आणि दांडा पुन्हा खाली, थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर आणला. माझ्या मते जीपच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा माघार घेण्याचा निर्णय.

का, हे समजायला आपली प्रीमियर पद्मिनी आठवावी. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, फियाट ११०० च्या घराण्यातली, मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर, ‘हँडगिअर’. हाताची हालचाल खांबातून खाली, मग बॉनेटखालच्या सळयांतून, सांध्यांतून, बुशांतून फिरत गिअरबॉक्सपर्यंत पोचते. प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई आली तरी शेवटी तिची बेरीज होते, आणि चालक सेकंड शोधत हवेत दांडा फिरवत राहतो. बुश बदलले की गाडी पुन्हा तरुण होते हे खरं, पण कोणता बुश दोषी हे ओळखायला सगळी साखळी हाताने चाचपावी लागते. जीपमध्ये साखळीच नाही. हात, दांडा, फोर्क, गिअर. मधे एक गोळा, ज्यावर दांडा झुलतो. पद्मिनीचा हँडगिअर चांगल्या स्थितीत असताना जास्त सुखद वाटतो, हे मान्य करायला हवं. पण घासल्यावर कोणता जास्त सोसतो आणि कोणता लवकर बरा होतो, या दोन कसोट्यांवर जीप पुढे जाते.

महिंद्रांकडे ही जीप आली तो प्रवासही गमतीचा. १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्यासोबत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. माझगावला सुट्या भागांतून विलीजची जुळणी सुरू झाली. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ मध्ये आली. नव्या उंच इंजिनाला जागा व्हावी म्हणून तिचं बॉनेट वर उचललेलं, त्यामुळे ती थोडी भुवया चढवलेली दिसते. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, पण महिंद्रांनी पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली. म्हणून इथल्या जीपचे भाग मिळतात, आणि म्हणून अंगणात बसून त्या दुरुस्त करण्याची भाषा अजून करता येते.

आता उघडूया.

खालच्या पत्र्याचे स्क्रू काढले की गिअरबॉक्सचं डोकं दिसतं: ओतीव लोखंडाचा छोटा मनोरा, टॉप कव्हर म्हणतात ते. त्याचे बोल्ट सोडले, पॅकिंग सुटलं की तो सरळ वर उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर दोन्ही रॉड, त्यांच्यावरचे गिअर सरकवणारे दोन्ही फोर्क, गोळ्या, स्प्रिंगा, दांडा, सगळं एकत्र बाहेर येतं. खाली उरतात ते फक्त शाफ्ट आणि दातेरी गिअर, तेलात भिजलेले. गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही, इंजिन हलवावं लागत नाही, गाडीखाली झोपावंही लागत नाही. या मनोऱ्याचं सगळं सौंदर्य मला इथे दिसतं. आखणाऱ्याला ठाऊक होतं की माणसाचा हात आणि लोखंड जिथे भेटतात तिथे सर्वांत आधी घासणार. ती सगळी झीज त्याने एका डब्यात गोळा केली आणि डबा सर्वांत वर ठेवला, हाताला येईल असा. झीज टाळणं कोणाच्याच हातात नव्हतं, पण ती कुठे व्हावी हे ठरवता येत होतं, आणि ते त्याने ठरवलं.

अंगणात काम करताना उघड्या गिअरबॉक्सवर लगेच स्वच्छ कापड टाकायचं. एखादी गोळी किंवा स्क्रू आत पडला तर मग खरंच सगळं उतरवावं लागेल. मनोरा थाळीत ठेवून डिझेलने धुवायचा. धुण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढायचा आणि तळाच्या तेलात बोट फिरवून पाहायचं. तेलात चमचमणारी पिवळी भुकटी दिसली तर पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजत आहेत. करडी पेस्ट असेल तर लोखंड. चकचकीत तुकडे दिसले तर मनोरा तसाच बंद करून गाडी जाणत्या मेस्त्रीकडे न्यायची.

धुतल्यावर पहिलं वाचन दांड्याच्या खालच्या टोकाचं. नवीन असताना हे टोक गोलसर आणि भरीव असतं, फोर्कच्या डोक्यावरच्या खाचेत जेमतेम बसणारं. काठीच्या जीपमध्ये ते पुढून आणि मागून चपटं झालेलं, आणि एका बाजूला थोडं तिरकं. गंमत अशी की वर हात डावीकडे नेला की गोळ्यावर झुलून खालचं टोक उजवीकडे जातं, आणि हात मागे ओढला की टोक पुढे. म्हणजे फर्स्ट टाकताना सगळा जोर उजवीकडच्या खाचेच्या पुढच्या भिंतीवर. ती भिंत सर्वांत जास्त खाल्लेली होती. रिव्हर्सच्या बाजूची भिंत त्या मानाने कोरी. टॉप आणि सेकंडच्या खाचेत झीज जवळपास सारखी, पण सेकंडकडे किंचित जास्त. सपाटीवरच्या गाडीत मी उलटं पाहिलं आहे: तिथे टॉपची बाजू घासते, फर्स्टची राहते. डोंगर आणि मैदान यांच्यातला फरक इतक्या लहान जागेत इतक्या स्पष्टपणे नोंदलेला दुसरीकडे कुठे सापडेल, मला माहीत नाही.

या टोकाची झीज वर किती मोठी होऊन पोचते याचाही हिशेब करावा. दांड्याचा गोळ्यावरचा भाग लांब, खालचा आखूड. समजा वरचा खालच्यापेक्षा सातपट लांब असेल, तर खाली एक मिलिमीटर मोकळीक आली की मुठीशी सात मिलिमीटर. चालक म्हणतो ‘दांडा हातभर हलतो’, आणि त्याला वाटतं गिअरबॉक्स संपला. संपलेलं असतं ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर लोखंड. मोठ्या खर्चाच्या भीतीने विकलेल्या कितीतरी जीप केवळ या गैरसमजाचे बळी असाव्यात.

दांड्याच्या मधला गोळा मनोऱ्याच्या बैठकीत बसतो आणि वरून एक जाड स्प्रिंग त्याला दाबून धरते, तिच्यावर टोपी. ही स्प्रिंग दिसायला सर्वांत सामान्य, आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. ती थकली की दांडा टॉपमध्ये असताना खडखडायला लागतो. खडखड हा त्रास लहान. खरा धोका खड्ड्यात आहे: गाडी आदळली की दांडा क्षणभर वर उचलला जातो, आधीच घासलेलं टोक खाचेतून निसटतं आणि दोन फोर्कांच्या मधे अडकतं. मूठ हातात, गिअर कुठेच नाही. डोंगरातल्या जुन्या चालकांना यावरचा इलाज येतो: गाडी थांबवून टोपी काढायची, दांडा उपसायचा, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही खाचा समोरासमोर आणून न्यूट्रल करायचं आणि दांडा परत बसवायचा. रस्त्याच्या कडेला हे करता येतं, कारण मनोरा वर आहे. नवीन स्प्रिंग टाकली आणि टोक भरून घेतलं की ही वेळच येत नाही. गोळ्याची बैठक खोलगट झाली असेल तर मात्र स्प्रिंगने भागत नाही, कारण दांडा मुळातच खाली बसतो आणि त्याची उंची चुकते.

फोर्क वाचताना चालकाचा स्वभाव कळतो. फोर्कची दोन बोटं गिअरच्या फिरत्या खाचेत बसतात. गिअर पडल्यावर तिथे कसलाच दाब नसावा, फोर्क नुसता मोकळा राहावा, अशी आखणी आहे. पण अनेकांना गिअर टाकल्यावरही मुठीवर हात ठेवून बसायची सवय असते. हाताचं वजन दांड्यातून फोर्कवर, फोर्कवरून फिरत्या लोखंडावर. तासन्‌तास. मग फोर्कचं एक बोट एका बाजूने आरशासारखं चकचकीत होतं आणि पातळ होत जातं. काठीच्या या जीपमध्ये सेकंड-टॉपच्या फोर्कची एक बाजू तशी होती. मालकाला दाखवलं तर तो हसला, म्हणाला, “हा तर माझ्या मोठ्या भावाचा हात. त्याला दुसरीकडे ठेवताच यायचा नाही.” नवा फोर्क टाकला तरी हात तसाच राहिला तर दहा वर्षांनी तेच चित्र.

प्रत्येक रॉडवर तीन खाचा आणि प्रत्येक रॉडपाशी एक पोलादी गोळी, तिच्यामागे एक छोटी स्प्रिंग. एका रॉडच्या खाचा रिव्हर्स, न्यूट्रल, फर्स्ट; दुसऱ्याच्या सेकंड, न्यूट्रल, टॉप. रॉड सरकला की गोळी एका खाचेतून वर चढते आणि पुढच्या खाचेत ‘टक्’ करून बसते. चालकाच्या हाताला गिअर ‘पडल्याचं’ जे समाधान मिळतं ते सगळं या गोळीचं आहे. सिंक्रो, दाते, शाफ्ट यांचा त्यात फारसा वाटा नाही. रॉडवरच्या खाचेची कड गोलावली, स्प्रिंग बसली, की ‘टक्’ मऊ होतो, नंतर नाहीसा होतो, आणि घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की सेकंड स्वतःहून न्यूट्रलमध्ये येतो. उतारावर न्यूट्रल म्हणजे काय हे देवगोई घाटात कोणाला समजावून सांगायला नको. रॉड काढताना गोळ्या उडतात, तेव्हा भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि हे काम गवतात बसून करायचं नाही. स्प्रिंगा दोन्ही बदलाव्यात, एकच नाही, नाहीतर दोन गिअरांचा स्वभाव वेगळा होतो. जुनी स्प्रिंग ओढून लांब करून परत बसवणारे असतात. ती थोडे दिवस चालते आणि पुन्हा बसते. यात मला काही शहाणपण दिसत नाही.

मनोऱ्यातली सर्वांत देखणी कल्पना मात्र डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. दोन रॉडांच्या मधल्या भिंतीत एक आडवं भोक आहे, त्यात पोलादाचा एक लहानसा तुकडा मोकळा सरकतो. दोन्ही रॉडांना आतल्या बाजूने, न्यूट्रलच्या जागी, एकेक खोलगा. तुकड्याची लांबी अशी ठरवलेली की तो दोन्ही रॉडांना एकाच वेळी मोकळं सोडू शकत नाही: एकाला हलायचं असेल तर तुकड्याने दुसऱ्याच्या खोलग्यात शिरलंच पाहिजे, आणि शिरला की दुसरा रॉड जागच्या जागी कुलूपबंद. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाने भिंतीला टेकल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही, तसं. दोन गिअर एकदम पडणं, म्हणजे शाफ्ट दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरायचा हुकूम मिळून जागीच जखडणं, हे या एका तुकड्यामुळे अशक्य झालं. ना स्प्रिंग, ना सांधा. फक्त लांबी. इतक्या कमी साधनांत इतकी मोठी खात्री देणारी दुसरी रचना या गाडीत नाही, आणि ती चांगली चालत असेल तोवर ती आहे हे कोणाला कळतही नाही.

म्हणून तिची तपासणी विसरायची नाही. तुकड्याची टोकं घासून लांबी थोडी कमी झाली, किंवा रॉडच्या खोलग्याची कड खचली, की कुलूप अर्धवट लागतं. मनोरा हातात असताना परीक्षा सोपी: एक रॉड गिअरमध्ये ढकलायचा आणि दुसरा स्क्रूड्रायव्हरने जोराने हलवून पाहायचा. तो केसभर हलला तरी तुकडा बदलायचा. हा भाग स्वस्त आहे, आणि याच्यावर काटकसर करणाऱ्याला मी जीप चालवायला देणार नाही. रॉड परत ओवताना हा तुकडा थाळीतच राहून जातो आणि गाडी तरीही चालते, आधीपेक्षा हलकी वाटते. मग एखाद्या दिवशी भर चढात ती एकदम थिजते. त्यामुळे बोल्ट आवळण्याआधी थाळी रिकामी आहे का, ते बघायचं.

भाग बदलायचे की भरून घ्यायचे, यावर मतभेद आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि मोठ्या शहरांतल्या जुन्या बाजारांत टी-९० चे फोर्क, रॉड, स्प्रिंगा, गोळ्या मिळतात, काही मूळ, बरेच नकली. स्प्रिंगा, गोळ्या, मधला तुकडा आणि पॅकिंग नवंच घ्यावं. रॉड घेताना खाचेची कड नखाने पाहावी. धारदार लागली पाहिजे. नकली रॉड कधीकधी पुरेसा कडक केलेला नसतो आणि वर्षभरात मऊ पडतो. दांडा मात्र मी बदलणार नाही. त्याचं टोक वेल्डिंगने भरून घ्यावं आणि कानशीने खाचेत बसेल इतकं उतरवावं. अक्कलकुव्याच्या एका वेल्डरकडे हे काम झालं. त्याने विचारलं, “दादा, किती भरू?” मालकाने फोर्क पुढे धरला: “यात बसेल तेवढंच, भाऊ. नंतर कानस मी मारतो.” भरलेलं लोखंड मूळच्या इतकं कडक नसतं असा आक्षेप घेतात. मला तो गुणच वाटतो. मऊ टोक पुढच्या खेपेला घासेल आणि फोर्कची खाच वाचेल. टोक पुन्हा भरता येतं, खाच भरणं कटकटीचं. झीज कुठे व्हावी हे ठरवण्याचा मूळ आखणाऱ्याचा नियम आपण फक्त एक पायरी पुढे नेतो.

कानस मारताना हात आवरावा लागतो. टोक खाचेत घट्ट बसवण्याचा मोह होतो, कारण ढिलाईचा राग आलेला असतो. पण अगदी घट्ट टोक तापल्यावर अडकतं आणि गिअर अर्ध्यात राहतो. नखाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवायची. चार वेळा कानस, चार वेळा खाचेत घालून बघणं, मधे पॉलिश पेपर. मशीनवर पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला संध्याकाळ लागते, आणि शेवटी जो हात तो दांडा वापरणार आहे त्याच हाताने तो बसतो, याला माझ्या लेखी किंमत आहे.

जोडणी उलट्या क्रमाने, एका काळजीसह. मनोरा बसवताना दोन्ही रॉड न्यूट्रलमध्ये आणि खालचे दोन्ही गिअरही न्यूट्रलमध्ये असले पाहिजेत. फोर्कची बोटं खालच्या खाचांत उतरल्याचं बोटाने चाचपून बघायचं, मग बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून दुसरी आवळली तर ओतीव कव्हर चिरू शकतं. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी इंजिन बंद ठेवूनच चारही जागा एकदा फिरवून बघाव्यात. तेल भरताना डब्यावर जीएल-४ आहे का ते वाचावं. जीएल-५ तेलातली गंधकाची भर पितळेच्या सिंक्रो रिंगांना मानवत नाही असं बहुतेक जाणते सांगतात, आणि टी-९० मध्ये त्या रिंगाच सर्वांत नाजूक. ‘महाग ते चांगलं’ हा न्याय इथे लागू नाही.

जुन्या गाडीचे शौकीन विचारतील की इतकं बदलल्यावर गाडी ‘मूळ’ राहिली का. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. घासलेली स्प्रिंग बदलणं त्या अटीत बसतं. पण ही नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, आणि काठीत जीप म्हणजे रोजचं काम. धान्य, बियाणं, आजारी माणूस, मोलगीचा बाजार. तिथे ‘मूळ’ म्हणजे सकाळी सुरू होणं आणि घाटात गिअर न सुटणं.

मनोऱ्याची ताकद सांगितली तशी त्याची हद्दही सांगितली पाहिजे. नवीन गोळ्या, स्प्रिंगा, भरलेलं टोक, नवा फोर्क, सगळं करूनही सेकंड उतारावर सुटत असेल, तर दोष वर नाही. खाली सिंक्रोच्या बाहीचे आणि गिअरचे लहान दाते तिरके घासलेले असतील, किंवा मुख्य शाफ्टला पुढे-मागे सरकायला जागा झाली असेल. गाडी चढावर घट्ट धरते आणि उतारावर सोडते, हे त्याचं लक्षण. तेव्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, प्रेस लागतो, बेअरिंग काढायला पुलर लागतो, शिम मोजायला मायक्रोमीटर लागतो. ते अंगणातलं काम नाही आणि तसं करायला जाऊही नये. या जीपचं सेकंड मात्र भरलेल्या दांड्याने आणि नव्या स्प्रिंगांनी धरलं. टॉपमध्ये अजून थोडा गुणगुणाट आहे, बेअरिंगचा असावा. दिवाळीनंतर बघू, असं मालक म्हणतो.